कॉफीच्या दुकानात गाण्याची बैठक: छोट्या जागेत मैफल कशी उभी करावी

लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर, यांपैकी कोणत्याही शहरात चांगले गाणे समोर बसून ऐकायचे म्हटले तर बहुधा एखाद्या महोत्सवाची, गणेशोत्सवाची किंवा कोणाच्या घरच्या समारंभाची वाट पाहावी लागते. गाणारे मात्र वर्षभर रियाज करत असतात. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत बक्षिसे मिळवलेली, संगीताच्या परीक्षा दिलेली कितीतरी मुले-मुली पुढे गायला जागा नाही म्हणून हळूहळू गाणेच सोडतात. पंचवीस-तीस खुर्च्यांचे कॉफीचे दुकान ही त्यांची जागा होऊ शकते. मी संभाजीनगरात काही वर्षे अशा बैठका भरवत आले आहे आणि त्या अनुभवावरून सांगते, की यात खर्चापेक्षा तयारी जास्त लागते. त्या तयारीचा रोख एकाच गोष्टीवर हवा: समोर बसलेल्या माणसाला गाणे शांतपणे ऐकता आले पाहिजे. ते साधत नसेल, तर कलाकार कितीही चांगला असला तरी त्याचे गाणे गप्पांमागची कुजबूज होऊन राहते.

खोलीपासून सुरुवात

कलाकार ठरवण्याआधी जागा ऐकून घ्यावी. दुकान रिकामे असताना मधोमध उभे राहून एक जोरदार टाळी वाजवावी. टाळीमागे झिर्र असा आवाज रेंगाळला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे परतवत आहेत असे समजावे. आपल्याकडचे बहुतेक गाळे असेच असतात: खाली गुळगुळीत फरशी, वर पीओपीचे छत, समोर पूर्ण काच. अशा खोलीत गाण्याचे शब्द एकमेकांत मिसळतात, आणि शब्द कळेनात म्हणून आवाज वाढवला की ते आणखी मिसळतात.

यावर महागडे फोम बसवण्याची गरज नाही. गायकाच्या पायाखाली सतरंजी, काचेवर जाड पडदा आणि श्रोत्यांच्या मागच्या भिंतीवर दोन-तीन जाड वाकळी टांगल्या तरी फरक कानाला जाणवतो. वाकळ भिंतीला चिकटवण्यापेक्षा चार बोटे पुढे लोंबती ठेवल्यास ती आवाज अधिक शोषते, आणि जुन्या लुगड्यांची हातशिलाईची वाकळ दिसतेही सुंदर. भरलेल्या खोलीत माणसांची शरीरेही आवाज शोषतात, म्हणून रिकाम्या खोलीत थोडा कर्कश वाटणारा आवाज बैठक सुरू झाल्यावर मवाळ होतो, हेही ध्यानात ठेवावे.

गायकाला कोठे बसवावे, यात सर्वाधिक चुका होतात. अरुंद आणि खोल गाळ्यात साहजिकच सगळ्यात आतल्या टोकाला मंच केला जातो. मग दाराजवळच्या श्रोत्याला गाणे कमी आणि रस्त्यावरच्या रिक्षा जास्त ऐकू येतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे सहा डेसिबलने उतरते. खोलीत ती इतकी उतरत नाही, पण अंतराचा तोटा राहतोच. म्हणून लांब भिंतीच्या मध्यावर बैठक मांडावी आणि खुर्च्या तिन्ही बाजूंनी अर्धवर्तुळात लावाव्यात, म्हणजे कोणीही गायकापासून चार-पाच मीटरपेक्षा लांब राहत नाही. गायकाच्या पाठीशी काउंटर, दार किंवा स्वच्छतागृहाची वाट येऊ देऊ नये. बसून गाणाऱ्यांसाठी फूट-दीड फूट उंचीचे तख्त असावे, कारण श्रोते खुर्चीवर आणि कलाकार जमिनीवर असले की मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. गिटार वाजवणाऱ्याला हात नसलेली खुर्ची द्यावी.

कॉफीच्या यंत्रांचे काय करावे

हा भाग मी मुद्दाम विस्ताराने लिहिते आहे, कारण सभागृहात बैठक भरवणाऱ्याला ही अडचण कधीच येत नाही. आमच्या अगदी सुरुवातीच्या एका बैठकीत गायिकेने आलाप नुकता सुरू केला होता, खोली स्थिर झाली होती, आणि आतून कोल्ड कॉफीचा मिक्सर सुरू झाला. ती थांबली, मिक्सर बंद होईपर्यंत शांत बसून राहिली आणि मग पुन्हा षड्जापासून सुरुवात केली. त्या दिवशी ठरवले, की गाणे चालू असताना स्वयंपाकघरात वीज लागणारे कोणतेही फिरते यंत्र चालणार नाही.

त्यासाठी त्या संध्याकाळचा मेन्यू वेगळा आणि छोटा ठेवावा. आमच्याकडे सर्वाधिक मागणी कोल्ड कॉफीला, आणि नेमका तिलाच मिक्सर लागतो. ती दुपारीच मोठ्या भांड्यात तयार करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि देताना नुसती ढवळून ओतावी, किंवा रात्रभर थंड पाण्यात भिजवून गाळलेली कॉफी ठेवावी. फिल्टर कॉफीचा काढा आधी उतरवून ठेवता येतो आणि चहा थर्मासमध्ये राहतो. एस्प्रेसो द्यायचाच असेल तर बिया बैठकीपूर्वी दळून हवाबंद डब्यात भराव्यात. ताज्या दळणाचा थोडा सुगंध कमी होतो हे खरे, पण ग्राइंडरच्या घरघरीपेक्षा ते परवडले. दूध फेसाळणारी वाफेची नळी फक्त मध्यंतरात वापरावी. ऑर्डर सुरुवातीला आणि मध्यंतरात घ्याव्यात, काचेच्या बश्यांऐवजी लाकडी किंवा कागदी बश्या द्याव्यात आणि बिल गाणे संपल्यावरच फिरवावे.

वाढप्यांना हे नियम सांगून भागत नाही. त्यांनाही बैठकीचे भागीदार मानावे. कोणते गाणे संपत आले आहे हे ज्याला कळते तो वाढपी टाळ्यांच्या आवाजात चार टेबले उरकतो. आमच्याकडच्या एका मुलाला हे इतके साधले होते, की त्याचे पाऊल श्रोत्यांना कधी ऐकूच आले नाही.

पंखे आणि कूलर यांचाही विचार करावा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना कूलर बंद ठेवणे शक्य नसते, पण बैठकीच्या दोन तास आधी खोली थंड करून घेऊन गाण्याच्या वेळी तो सर्वांत कमी वेगावर ठेवता येतो. कूलरचा झोत माइकवर आला तर स्पीकरमधून घोंघावणारा आवाज येतो, आणि तबल्यावर आला तर दमट हवेने पुडी, म्हणजे तबल्याचे ताणलेले कातडे, सैल होऊन सूर उतरतो. गिटारही त्या झोतासमोर ठेवू नये.

माइक लावावा का

पंचवीस श्रोत्यांच्या खोलीत पहिली बैठक ध्वनिक्षेपकाशिवाय करून पाहावी, असा माझा आग्रह आहे. आवाज नैसर्गिक असला की लोक आपोआप गप्प होतात, पुढे झुकतात आणि कलाकाराचा श्वासही ऐकतात. हार्मोनियम आणि तबला एवढ्या खोलीला पुरून उरतात. कमी पडतो तो हळुवार गळा आणि साधी गिटार, आणि माइकची गरज असली तर ती या दोघांनाच असते. सगळ्यांसमोर माइक ठेवण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक उघडा माइक खोलीचा गोंगाटही उचलतो.

गरज भासली तर साहित्य मोजकेच आणावे: एक चांगला स्पीकर स्टँडवर, चार चॅनेलचा छोटा साउंड मिक्सर, एक किंवा दोन कार्डिऑइड डायनॅमिक माइक आणि गिटारसाठी एक डीआय बॉक्स (गिटारची वायर साउंड मिक्सरला नीट जोडून देणारी छोटी डबी). कार्डिऑइड माइक समोरचा आवाज उचलतो आणि पाठीमागचा बराचसा टाळतो, त्यामुळे स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावा. गायकाच्या मागे ठेवलेला स्पीकर थेट माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. स्पीकरची उंची बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून जाईल एवढी असावी. तो खाली ठेवला तर पहिल्या रांगेचे कान दुखतात आणि शेवटच्या रांगेला ऐकू येत नाही. दोन माइक असतील तर त्यांच्यातील अंतर, माइक आणि तोंड यांच्यातील अंतराच्या किमान तिप्पट ठेवावे.

आवाज लावण्याचा क्रमही ठरलेला असावा. आधी गायकाचा माइक एकटाच उघडून हळूहळू वाढवावा. शिट्टीची सुरुवात झाली की ती जाड-बारीक आवाजाच्या कोणत्या पट्ट्यात आहे ते ऐकून तो पट्टा इक्वलायझरवर (असे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या बटणांवर) किंचित कमी करावा आणि मग एकूण पातळी त्या टोकापासून पुरेशी खाली आणून ठेवावी. गळ्याच्या चॅनेलवर ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापण्याचे बटण असेल तर ते दाबावे, म्हणजे पंख्याची घरघर आणि स्टँडला लागलेले धक्के निघून जातात. गिटार त्यानंतर घ्यावी आणि ती गळ्याच्या खालीच राहील हे पाहावे. शेवटी एका माणसाने सर्वांत मागच्या खुर्चीवर बसून ऐकावे. साउंड मिक्सरजवळ उभे राहून केलेला अंदाज हमखास चुकतो.

स्पीकरमधून ‘हूं’ असा एकसारखा आवाज येत असेल तर दोष बहुतेक वेळा विजेच्या जोडणीत असतो. सगळे ध्वनिसाहित्य एकाच बोर्डावरून आणि चांगल्या अर्थिंगच्या थ्री-पिनमधून चालवावे, फ्रिज आणि कॉफीचे यंत्र दुसऱ्या जोडणीवर ठेवावे, आणि दिव्यांचे डिमर बंद करून पाहावेत. वीज जाण्याची शक्यता धरून इन्व्हर्टर ठेवताना तो साइन वेव्ह प्रकारचा असावा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकर गुणगुणत राहतो. आणि वीज गेलीच, तर गाणे थांबवू नये. मेणबत्त्या लावून माइकशिवाय झालेली आमची एक बैठक श्रोत्यांना सर्वाधिक लक्षात राहिली आहे.

सूर आधी विचारून घ्यावा

गिटार वाजवणारा पुण्या-मुंबईची गाणी ऐकून शिकलेला आणि गाणारी व्यक्ती भजनी मंडळात किंवा गुरूकडे तयार झालेली, अशी जोडी आपल्याकडे वारंवार जमते. एक कॉर्डची भाषा बोलतो, दुसरी ‘काळी चार’ म्हणते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. हा अनुवाद आयोजकाला येत असावा. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी चार जी शार्प आणि काळी पाच ए शार्प. या चारही सुरांसाठी गिटारच्या पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या पहिल्या घरात) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून अनुक्रमे सी, डी, जी आणि ए च्या सोप्या कॉर्ड धरता येतात. काळी तीन म्हणजे एफ शार्प असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ई च्या कॉर्ड घ्याव्यात.

हार्मोनियम असेल तर सर्वांनी तिच्याशी जुळवून घ्यावे, कारण ती जागेवर लावता येत नाही. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाणित मापापेक्षा थोड्या वर किंवा खाली असतात. तेव्हा फोनवरच्या ट्यूनरवर आंधळा विश्वास न ठेवता पेटीचा स्वर वाजवून गिटार लावावी. तबला एका ठरावीक सुराच्या आसपासच लागतो. म्हणून गायकाचा सूर चार दिवस आधी विचारून तबलजीला कळवावा, नाहीतर तो काळी एकचा तबला घेऊन येतो आणि गाणे काळी पाचमध्ये असते. कडक उन्हाळ्यात पुडी ताणून सूर चढतो, पावसाळ्यात उतरतो, त्यामुळे वाद्ये तासभर खोलीत ठेवून मगच अंतिम जुळवणी करावी. दिमडी, टाळ, एकतारी ही वाद्ये छोट्या खोलीत फार गोड लागतात. हलगी मात्र काच हादरवते. तिच्यासाठी अंगणच हवे.

गाण्यांचे हक्क, परवानगी आणि शेजार

चित्रपटगीते किंवा आधुनिक भावगीते गाताना शब्द आणि चाल या दोन्हींचे हक्क लागू होतात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. प्रत्यक्ष गाण्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडून परवाना घेता येतो. मध्यंतरात ध्वनिमुद्रित गाणी किंवा कॅराओके ट्रॅक लावायचे असतील तर ध्वनिमुद्रणाचे हक्क पुन्हा वेगळे असतात. प्रवेश मोफत ठेवला तरी दुकान व्यवसाय करत असते, त्यामुळे हौशी कार्यक्रमांची सूट आपल्याला मिळेल असे गृहीत धरू नये.

मराठवाड्याकडे मात्र या बाबतीत मोठे धन आहे. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका, पैठणचे एकनाथ यांचे अभंग, गवळणी, भारुडे. आणि संभाजीनगरच्याच मातीत अठराव्या शतकात लिहिणाऱ्या सिराज औरंगाबादी यांच्या उर्दू गझला. या शब्दांवर कोणाचाही हक्क उरलेला नाही. अट एवढीच, की एखाद्या आधुनिक संगीतकाराची गाजलेली चाल उचलू नये. ती चाल त्याची असते. मुलांना जनाबाईंचे शब्द देऊन स्वतःची चाल लावायला सांगितले, तेव्हा आमच्या बैठकीला तिचा स्वतःचा आवाज मिळाला. परवान्यापेक्षा हा लाभ मला मोठा वाटतो.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते, म्हणून तारीख, वेळ, श्रोत्यांची संख्या आणि साहित्याचे स्वरूप लिहून स्थानिक पोलीस ठाण्यात वेळेत अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाबरोबरच वाद्यांवरही बंधन आहे. बंदिस्त सभागृहांना सवलत असली तरी काचेच्या दर्शनी भागाचा गाळा म्हणजे सभागृह नव्हे, असे मानूनच चालावे. दिवसाची मर्यादा निवासी भागात ५५ आणि व्यापारी भागात ६५ डेसिबल आहे, आणि खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर झालेले असू शकते. तेथे माइकचा विचारच करू नये. फोनवरचे मापक ॲप अंदाजापुरतेच असते, तरी ते घेऊन दाराबाहेर आणि वरच्या मजल्याच्या जिन्यात उभे राहून पाहावे.

कागदापेक्षा शेजार महत्त्वाचा. वर राहणाऱ्या कुटुंबाकडे आठवडाभर आधी स्वतः जावे, बैठक किती वाजता संपेल ते सांगावे, आपला नंबर द्यावा आणि दोन खुर्च्या त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात. उन्हाळ्यात गच्चीवर बैठक भरवण्याची कल्पना सगळ्यांना आवडते, पण गच्चीवरचा आवाज चार गल्ल्यांपर्यंत जातो. तेथे फक्त माइकविना गावे.

वार आणि वेळ

साडेसात ते साडेनऊ ही वेळ बहुतेक ऋतूंत योग्य ठरते. मे महिन्यात आठला सुरू करून पावणेदहाला संपवावे. चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये वीस मिनिटे, ही रचना दुकानाच्या विक्रीलाही पोषक आहे. जवळ मशीद किंवा मंदिर असेल तर अजानच्या आणि आरतीच्या वेळा टिपून घ्याव्यात आणि मध्यंतर त्यांच्याशी जुळवावे. लातूर किंवा नांदेडसारख्या क्लासेसच्या शहरात फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाच्या परीक्षांपासून मेमधील नीटपर्यंत विद्यार्थी श्रोते मिळत नाहीत. गणपती, नवरात्र आणि १४ एप्रिलच्या आसपास बाहेर मिरवणुकांचा आवाज असतो; तेव्हा आपली बैठक न ठेवणेच श्रेयस्कर.

महिन्यातून एकदा, पण वार न बदलता, हे प्रमाण टिकते. दर आठवड्याची हौस दोन महिन्यांत आटते असा माझा अनुभव आहे.

मानधन

‘आपल्याला व्यासपीठ मिळेल’ या एका वाक्यावर आपल्या भागातील कलाकारांना इतकी वर्षे फुकट गायला लावले गेले आहे, की याविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. कॉफीचे पैसे दुकानाचे आणि खुर्चीचे पैसे कलाकारांचे, अशी सरळ विभागणी करावी. समजा तीस खुर्च्या आहेत आणि प्रत्येकी २०० रुपये घेतले, तर ६,००० रुपये जमतात. तीन कलाकारांना प्रत्येकी १,५०० प्रमाणे ४,५०० आणि प्रवास व साहित्याला १,००० दिल्यावर ५०० उरतात. ते पुढच्या बैठकीसाठी बाजूला ठेवावेत. बाराच श्रोते आले तर मात्र जमतात २,४०० आणि द्यायचे असतात ५,५००. हा ३,१०० रुपयांचा फरक दुकानाला झेपत असेल तरच तारीख जाहीर करावी, कारण ठरलेले मानधन श्रोत्यांच्या संख्येवरून कमी करता येत नाही.

तारीख, पोहोचण्याची वेळ, गाण्याची मिनिटे, मानधन, प्रवास, जेवण या सगळ्या गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून दोन्ही बाजूंनी होकार घ्यावा. रक्कम त्याच रात्री, वाद्ये आवरण्यापूर्वी द्यावी. कलाकार जालन्याहून येणार असेल तर साठ किलोमीटर रात्री परत जाणार कसा, याची सोय आधीच पाहावी. गायिका एकटी येणार असेल तर ही जबाबदारी पूर्णपणे आयोजकाची. चित्रीकरण करून समाजमाध्यमांवर टाकायचे असल्यास तेही आधी विचारावे. कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर कायद्याने हक्क असतो आणि घसा बसलेल्या दिवशीची चित्रफीत पसरू नये असे कोणालाही वाटेल.

प्रत्यक्ष संध्याकाळ

पाच वाजता साहित्य लावून, सहाला कलाकारांसह साउंड चेक करून, सातला दार उघडावे. प्रत्येक टेबलावर छोटी चिठ्ठी ठेवावी: गाणे सुरू असताना बोलणे थांबवावे, फोन गप्प ठेवावा, ऑर्डर मध्यंतरात घेतली जाईल. आरंभी निवेदकाने हेच दोन वाक्यांत, आर्जवाने सांगावे आणि बाजूला व्हावे. लांबलेले सत्कार आणि नारळ-शाली यांनी पहिली वीस मिनिटे खाऊन टाकलेल्या मैफली आपण सर्वांनी सोसल्या आहेत. कोणी बोलतच राहिले, तर माइकवरून सुनावण्याऐवजी टेबलाजवळ जाऊन हळूच सांगावे, आणि ज्यांना गप्पाच मारायच्या आहेत त्यांच्यासाठी बाहेर दोन टेबले मोकळी ठेवावीत.

नवोदितांना खुली संधी देणारी संध्याकाळ असेल तर आठच नावे घ्यावीत, प्रत्येकी दोन गाणी ठेवावीत आणि यादी आदल्या दिवशी बंद करावी. सर्वांत तयार कलाकार पहिला नको. तो तिसरा किंवा चौथा असावा, म्हणजे पहिल्यांदा गाणाऱ्या मुलीवर तुलनेचे दडपण येत नाही. तिच्यासोबत मात्र अनुभवी साथीदार द्यावा, जो ती मात्रा चुकली तरी सम सांभाळून घेईल.

शेवटच्या गाण्यापूर्वी पुढच्या बैठकीची तारीख सांगावी, कारण गाणे संपल्यावर लोक उठतात. रात्री दुकान बंद करण्याआधी एका वहीत किती श्रोते आले, कोणाचा सूर कोणता होता, स्पीकर कोठे ठेवला होता आणि कोणत्या पट्ट्यात शिट्टी आली हे टिपून ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावर जाऊन आवाजाचा त्रास झाला का, हे विचारावे, आणि ते जे सांगतील तेही त्याच पानावर लिहावे.